शिवी किती लांबून आली

आमच्या ऑफिसाखाली दातांचा दवाखाना होता. तिथले डॉक्टर एकदा हातातले रबरी मोजेही न काढता जिना चढून वर आले आणि दारातच उभे राहून मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या बाईंना जरा हळू शिव्या द्यायला सांगा. खाली पेशंट तोंड उघडून पडलेला असतोय. त्याला वाटायलंय, मीच बोलायलोय."

ऑपरेटरबाई शिव्या देत नव्हत्या, वाचत होत्या. पण हा फरक जिन्याखाली ऐकू जात नव्हता.

आमचं कामच तसलं होतं. पुण्याची एक संस्था, बायकांना इंटरनेटवर जो त्रास दिला जातो तो आपोआप ओळखणारं यंत्र तयार करत होती. यंत्र म्हणजे कम्प्युटरमधला प्रोग्राम; पण त्याला मराठी शिव्या येत नव्हत्या आणि शिकवायला माणसं पाहिजे होती. म्हणून सेलूत स्टेशनच्या रस्त्याला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. बायकांच्या व्हिडिओंखाली लोकांनी लिहिलेल्या कमेंट आमच्याकडं यायच्या. एकेक वाचायची आणि पुढच्या रकान्यात खूण करायची: शिवी, धमकी, चारित्र्यावर, टोमणा, नाही तर 'काही नाही'. अशा ढिगानं ओळी बघितल्या की यंत्र स्वतःच ओळखायला लागतं, असं पुण्याच्या सरांनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं. मी मराठीत एम.ए. केलंय. त्याचा असा उपयोग होईल हे आमच्या एकाही प्राध्यापकानं सांगितलं नव्हतं.

मी, कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोन मुली आणि ऑपरेटरबाई, अशा आम्ही चौघी होतो. किराणा दुकानात चिकटवलेली आमची जाहिरात वाचून बाई आल्या. साठी उलटलेली, अंगानं काटकुळी, इस्त्रीची सुती साडी. वीस-बावीसच्या असल्यापासून त्या टेलिफोन एक्स्चेंजात बोर्डावर होत्या. तेव्हा फोन उचलला की आधी बाईंचा आवाज यायचा, कुठं जोडू म्हणून त्या विचारायच्या आणि दोरीचं टोक भोकात खुपसून माणसाला माणूस जोडून द्यायच्या. पुढं सगळं आपोआप झालं आणि त्यांना बिलाच्या खिडकीत बसवलं. तिथूनच त्या रिटायर झाल्या. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं की म्हणायच्या, "लाइन एंगेज होती."

मुलाखतीत मी जरा संकोचत विचारलं, "बाई, इथं लय घाण वाचावं लागतं. जमंल का तुम्हाला?"

त्या म्हणाल्या, "पोरी, ट्रंक कॉल वेळेवर लागला न्हाई की अख्खा तालुका मला बोलायचा. तुझ्याकडं नवीन काही असंल तर दाखव."

मी त्यांना घेतलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून एक काळा जुनाट हेडफोन काढून कानावर चढवला. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. टोक त्यांनी पदरात खोचलं आणि कामाला सुरुवात केली. त्याशिवाय लक्ष लागत नाही म्हणाल्या. मनातल्या मनात वाचणंही त्यांना जमत नव्हतं. "कागदावरचा माणूस मला ऐकू येत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक कमेंट मोठ्यानं. बरं, वाचायच्या कशा, तर 'नांदेडहून येणारी गाडी' सांगावी तशा. राग नाही, लाज नाही, चढउतार नाही. समोरच्यानं जिथं सात उद्गारचिन्हं दिली असतील तिथं बाई ती मोजून सांगायच्या. एखाद्यानं रक्त आटवून लिहिलेली शिवी बाईंच्या तोंडून बाहेर पडली की इतकी केविलवाणी वाटायची की मुली तोंडात ओढणी कोंबून हसायच्या.

चित्रंही वाचायच्या. "हसणारं तोंड, हसणारं तोंड, आग, वांगं." वांग्याशी त्या थांबल्या. एका बाईच्या कवितेखाली पाच जणांनी वांगं कामून पाठवलं असंल, याचा त्यांनी बराच विचार केला आणि खूण करायची सोडून शेऱ्यात 'भाजी' असं लिहिलं. शेवटी एका मुलीनं त्यांच्या कानाशी जाऊन अर्थ सांगितला. बाईंनी हेडफोन काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "आमच्या काळात एवढे कष्ट घेत न्हवते. सरळ बोलायचे." त्यांच्या डब्यात भरली वांगी वरचेवर असायची. पुढं महिनाभर दिसली नाहीत.

यंत्राला त्या यंत्र म्हणत नसत. 'नवीन पोरगी' म्हणत. एक्स्चेंजात त्यांनी हाताखाली कितीतरी मुली तयार केल्या होत्या, त्यातलीच ही एक. एकदा कुणीतरी 'भवानीचं दर्शन झालं' असं लिहिलं आणि यंत्रानं त्याला शिवी ठरवलं. पुण्याचे सर वैतागले. बाईंना मात्र पोरीची दया आली. "बायांना शिव्या द्यायला ह्यांनी देवीसुद्धा सोडली न्हाई. भवानी म्हणा, सटवी म्हणा. लेकरू गोंधळंल न्हाई तर काय करंल?" जागेवरून उठायचं झालं तर त्या खुर्ची रिकामी ठेवत नसत. "बोर्ड सांभाळ," म्हणून मला बसवून जायच्या. मी त्यांची वरिष्ठ होते. तरी मुकाट्यानं जाऊन बसायची.

त्यांचं आणि पुण्याचं वाजलं ते रकान्यांवरून. आमचे पाच रकाने बाईंना पटले नाहीत. त्या त्यांच्या वहीत वेगळेच तीन करायच्या: लोकल, एसटीडी आणि लाइटनिंग. मी विचारलं तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. शिवी किती मोठी ते बघायचं नाही, किती लांबून आली ते बघायचं. कुठल्यातरी लांबच्या शहरात बसून आईबहिणीवरून बोलणारा एसटीडी. तो ओरडतो कारण लांब आहे. ज्याला बाईचं गाव, घर, माणसं माहीत आहेत तो लोकल. तो हळू बोलतो. आणि उठून यायच्या बेतात असेल तो लाइटनिंग, म्हणजे सगळे कॉल बाजूला सारून आधी जोडायचा तसला तातडीचा. एक्स्चेंजात असताना, फोन करून नुसता श्वास ऐकवणारी माणसं त्यांनी अशीच वेगळी काढली होती म्हणे.

मला ते ऐकून गंमत वाटली. पुण्याच्या सरांना वाटली नाही. त्यांच्याकडं हिशेब होता की चौघींच्या खुणा किती जुळतात, आणि बाईंच्या कुणाशीच जुळत नव्हत्या. आम्ही जिथं 'शिवी' म्हणायचो तिथं त्या 'काही नाही' म्हणायच्या आणि आम्ही जिथं 'काही नाही' म्हणायचो तिथं त्या 'धमकी'. सरांनी कॉलवर नम्रपणे सांगितलं की मॅडम, तुमचं इतरांशी एकमत होणं गरजेचं आहे. बाई म्हणाल्या, "साहेब, बोर्डावर मी एकटीच असायचे. एकमत कुणाशी करू?" सरांनी मला मागाहून फोन केला. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर त्यांना काढावं लागेल म्हणाले.

त्याच पंधरा दिवसांत वायंडिंगवालीच्या व्हिडिओंखालच्या कमेंट आल्या.

पोखर्णीच्या अलीकडच्या एका गावातली ही बाई. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की त्यांच्यात तांब्याची तार नव्यानं भरून द्यायची आणि त्याचे व्हिडिओ टाकायची. साडीवर नवऱ्याचा शर्ट, हातात पक्कड, मागं तिच्या दुकानाची पाटी. व्हिडिओखाली नेहमीचा कचरा होताच: चूल सांभाळा, बायकांनी तारेला हात लावू नये, वगैरे. यंत्रानं तो बरोबर पकडला. आणि मधेमधे एका माणसाच्या ओळी होत्या, शुद्ध मराठीत, प्रत्येकीच्या शेवटी जोडलेले हात.

"ताई, आपल्या मागच्या दाराची मेंदी छान वाढली आहे."

"ताई, हिरवी साडी आपल्याला शोभून दिसत असेल."

"ताई, काल दुपारी दार बंद होतं. गावाला गेला होतात का?"

"ताई, साहेब अजून कारखान्यावरच आहेत ना? काळजी घ्या."

यंत्रानं त्यांना 'काही नाही' ठरवलं. दोन्ही मुलींनी 'काही नाही' ठरवलं. मीही ठरवलं. चार शिव्यांनंतर एवढं सभ्य वाचून मला तर बरंच वाटलं होतं.

बाईंनी सगळ्यांवर 'धमकी' मारलं आणि वहीत 'लोकल' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मग मला बोलावलं.

"या व्हिडिओत मेंदी कुठं दिसायली का तुला?"

मी व्हिडिओ परत लावला. दुकान, मोटार, तार, पाटी. मेंदी नव्हती. हिरवी साडी नव्हती. मी तिचे सगळे व्हिडिओ काढून बघितले. घर एकाही व्हिडिओत नव्हतं, मग मागचं दार कुठून येणार. मी त्या ओळींपुढं केलेली खूण अजून पडद्यावर होती.

ज्यांच्या कमेंट तपासतो त्यांच्याशी संपर्क करायचा नाही, असा आमचा पहिला नियम होता. मी तो बाईंना सांगितला. पुण्याला कळवते म्हणाले आणि कळवलंही. त्यांचं उत्तर आलं की सूचना नोंदवून घेतली आहे. बाईंनी ते ऐकलं आणि पाटीवरचा नंबर बघून वायंडिंगवालीला स्वतःच फोन लावला. एक्स्चेंजातल्या आवाजात म्हणाल्या, "नमस्कार, मी ऑपरेटर बोलतेय. आपल्यासाठी महत्त्वाचा निरोप आहे." तिनं फोन कापला. बाईंनी तीनदा लावला, तिनं तीनदा कापला. चौथ्यांदा म्हणाली, ओटीपी मागशील तर पोलिसात देईन.

"माणूस हुशार हाय," बाई समाधानानं म्हणाल्या. "उद्या आपण जाऊ."

मी नको म्हणू शकले असते. पण रात्रभर ती मेंदी डोळ्यापुढून हलली नाही. सकाळी स्टेशनवर गेले तर बाई खांद्याला हेडफोनची पिशवी आणि हातात पाच किलो ज्वारीची थैली घेऊन उभ्या. ही कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, असू दे, परक्या गावात मोकळ्या हातानं उभं राहिलं की लोक चौकशी करतात, धान्य दिसलं की करत नाहीत. परभणीपर्यंत रेल्वे, पुढं बस. शनिवार होता, बस नरसिंहाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी भरलेली. शेजारच्या म्हातारीनं थैली चाचपून विचारलं, "नवसाची का?" बाई म्हणाल्या, "हो. अजून फेडायचाय."

वायंडिंगवाली दुकानातच होती. आम्ही ओटीपी मागायला आलो नाही हे पटवायला थोडा वेळ गेला. मग बाईंनी कागदावर उतरवून आणलेल्या ओळी तिच्या हातात दिल्या. व्हिडिओखालचं वाचणं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. शिव्या वाचून मोटार भरता येत नाही म्हणाली. आता तिनं वाचलं आणि हातातली पक्कड खाली ठेवली.

"मेंदी मागल्या अंगाला हाय," ती म्हणाली. "मोरीच्या आडोशाला लावलेली. रस्त्यावरून न्हाई दिसत. गिरणीच्या गच्चीवरूनच दिसती."

पिठाची गिरणी तिच्या घरामागं होती. गिरणीवाला रोज ताई म्हणून नमस्कार करणारा. तिचा नवरा उसाच्या हंगामाला कारखान्यावर गेलेला, घरी ती आणि दोन मुली. थोड्या वेळानं ती म्हणाली, दोन महिने झाले, अंधार असतानाच अंघोळ उरकायची सवय लागलीय आणि का लागली तेच कळत नव्हतं.

बाईंनी थैली उचलली. "चला, दळून आणू."

गिरणीत सात-आठ बायका डबे घेऊन नंबराला बसल्या होत्या. पट्टा फटफटत होता. पापण्यांवर पीठ साचलेला गिरणीवाला अदबीनं म्हणाला, "या ताई." बाईंनी ज्वारी ठेवली, हेडफोन कानाला लावला, वायर पदरात खोचली आणि म्हणाल्या, "तुमचे निरोप हायत."

त्याला ऐकू गेलं नाही. बाईंनी परत सांगितलं. तो कानाला हात लावून वाकला. तिसऱ्यांदाही काही कळेना तेव्हा त्या भल्या माणसानं स्वतःच्या हातानं गिरणी बंद केली.

गिरणी बंद झाल्यावर जी शांतता होते ती फार मोठी असते. त्या शांततेत बाईंनी वाचायला सुरुवात केली. मेंदी. जोडलेले हात. हिरवी साडी. जोडलेले हात. काल दुपारी दार बंद. जोडलेले हात. आवाज तोच, नांदेडच्या गाडीचा. पहिल्या ओळीला तो हसला. दुसरीला त्यानं हात पुसायला घेतले आणि पुसतच राहिला. वायंडिंगवाली माझ्या शेजारी दाराला टेकून उभी होती, माझं मनगट तिनं धरलं होतं आणि तारेच्या कामानं घट्ट झालेली तिची बोटं मला रुतत होती.

वाचून झालं. डबे घेऊन बसलेल्या बायकांपैकी एक म्हातारी उठली, कुणाला काही न विचारता कोपऱ्यातला जिना चढून गच्चीवर गेली. आम्ही सगळ्या वर बघत राहिलो. थोड्या वेळानं वरून तिचा आवाज आला.

"दिसतीया की मेंदी. मोरीबी दिसतीया."

गिरणीवाल्याचं तोंड पिठापेक्षा पांढरं झालं. तो वायंडिंगवालीकडं न बघता बाईंना म्हणाला, "मी वाईट काय लिव्हलं? एक तरी शिवी हाय का त्यात?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. "शिवी असती तर आमच्या पोरीनं धरली असती."

कुठली पोरगी ते त्याला कळलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि दोन पावलं मागं सरला. वायंडिंगवालीनं माझं मनगट सोडलं, पुढं झाली आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, गच्चीला पत्रा कधी लावतासा ते सांगा." तो काही बोलायच्या आत म्हातारी जिना उतरता उतरता म्हणाली, "आजच लावंल. न्हाई तर गावातलं दळण पुढल्या गावाला जाईल." बाकीच्या बायकांनी डब्यांची झाकणं लावली. एवढंच केलं, पण त्याला पुरलं.

मला वाटलं, आता निघावं. पण बाई हलेनात. पाच किलो ज्वारी सेलूहून आणली होती, ती दळल्याशिवाय जायचं नाही म्हणाल्या. त्यानं दळून दिली. वाटेत बसमधे बाईंनी चिमूट तोंडात टाकून बघितली आणि परभणी येईपर्यंत पीठ भरड निघाल्याची तक्रार केली.

पत्रा दुसऱ्या दिवशी लागला, कमेंट तर शनिवारीच पुसल्या गेल्या. वायंडिंगवालीनं फोन करून कळवलं, आणि या वेळी बाईंचा फोन तिनं कापला नाही.

पुण्याला यातलं काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. बाईंनी सोमवारच्या कॉलवर सगळं सांगितलं, ज्वारीच्या वजनासकट. सर म्हणाले, नियम मोडला, तुम्हाला ठेवता येणार नाही. बाई म्हणाल्या, बरोबर हाय, मीही न्हाई ठेवली असती. पण सर मग अडखळत विचारू लागले की, मॅडम, ते लोकल-एसटीडीचं जरा परत सांगता का. आणि पाऊण तास लिहून घेत राहिले. पुढच्या महिन्यात आमच्या तक्त्यात एक रकाना वाढला: 'लिहिणाऱ्याला व्हिडिओबाहेरचं काय माहीत आहे?' तो शिकल्यावर यंत्र काही दिवस इतकं संशयी झालं की एका बाईच्या सख्ख्या भावानं 'तुझ्या दारचे पेरू पिकले का' विचारलं तर त्यालाही धमकीत टाकलं. सर हैराण झाले होते. पण ती मेंदीची ओळ मी परत घालून बघितली. या वेळी ती सुटली नाही.

बाईंच्या शेवटच्या दिवशी मुलींनी ढोकळा आणला. दातांचे डॉक्टर वर आले, बाईंना नारळ दिला आणि घाईघाईनं म्हणाले की तसा काही त्रास नव्हता हो. सगळे गेल्यावर बाई आवरायला लागल्या. हेडफोन पिशवीत गेला होता. पण त्या परत खुर्चीवर बसल्या आणि तक्त्याच्या तळाला, रिकाम्या ओळीत, एका बोटानं काहीतरी टाइप करायला लागल्या. बराच वेळ लागला. मोठ्यानं वाचलं नाही.

"हे बघ," मला म्हणाल्या. "कशात जाईल?"

एक वाक्य होतं. इथं लिहीत नाही.

"कुणाच्या व्हिडिओखालचं आहे बाई?"

"व्हिडिओ कुठला. बोर्डावर बसले त्याच्या तिसऱ्या दिवशीचं हाय. लाइनवर एक जण म्हणाला. मी त्याला नंबर जोडून दिला." त्या पडद्याकडं बघत होत्या. "घरी आईनं विचारलं, कसं काय काम. मी म्हणाले, आवाज लय साफ येतो. कुणाला सांगितलं न्हाई. सांगायचं तर काय म्हणून सांगायचं, ते ठाऊक न्हवतं. तुझ्या जाहिरातीला आले तवा तू रकाने दाखवलेस."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. वाक्य पुन्हा वाचलं. मग 'धमकी'वर खूण केली आणि त्यांच्याकडं बघितलं.

बाईंनी मान डोलावली. "मलाबी तेच वाटलं होतं," म्हणाल्या, आणि नारळ हातात घेऊन जिना उतरल्या.

ती ओळ बाकीच्या ओळींबरोबर पुण्याला गेली.